कांगसांचा दुसरा कागद

कॅल्युमेट, मिशिगन
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय कारिन,

इथे बर्फ स्वयंपाकघराच्या खिडकीच्या अर्ध्यावर आलं आहे आणि माझी कंबर ठीक आहे. फोनवर तू दर वेळी विचारतेस ती दोन्ही उत्तरं मिळाली, आता कामाचं बोलू.

आपल्या फिनिश हॉलसमोर येत्या जूनमध्ये, युहान्नुसच्या, मध्य-उन्हाळ्यात होळी पेटवायच्या सणाला, ग्रॅनाइटची एक शिळा उभी राहणार आहे. इथल्या खाणींवर आलेल्या आणि पुढे अमेरिकेचे नागरिक झालेल्या फिन माणसांची नावं तिच्यावर कोरणार आहेत. समितीचा अध्यक्ष आर्वो पेल्कोनेन. तोच तो, ज्याचे वडील खाण कंपनीच्या कोठीवर मुकादम होते आणि जो अजूनही त्याच थाटात चालतो. मागच्या रविवारी कॉफीच्या वेळी त्यानं यादी वाचली. त्यात तुझ्या आजोबांचं, विहटोरी कांगस यांचं नाव नव्हतं.

मी विचारलं, "कांगस कुठाय?"

तर सगळ्यांसमोर म्हणतो, "ताइमी, तुझ्या वडिलांचे नागरिकत्वाचे कागद कुणी पाहिलेत? तेरा सालच्या खाण-संपातली माणसं ती. तसल्यांना जज्ज दारातसुद्धा उभं करत नव्हता."

मी म्हटलं, "कागद आणते आणि तुझ्याच कपाखाली बशीसारखा ठेवते."

कारिन, मी उगाच बोलत नाही. १९२४ साली मी नऊ वर्षांची होते. सप्टेंबर होता, मेपलची पानं लाल व्हायला लागली होती. आम्ही सगळे ट्रामनं जिल्ह्याच्या कोर्टात गेलो. तुझा बाप तीन वर्षांचा, आईच्या कडेवर. बाबांनी लग्नातला सूट घातलेला, आईची निळी टोपी. कोर्टातल्या एका बाईनं मला हातात मावेल एवढा झेंडा दिला. बाहेर आल्यावर बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं, पुन्हा कधी नाही. त्या दिवशी बाबा अमेरिकन झाले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि दर शनिवारी सौनाच्या वाफेतून बाहेर आले की त्यांची गोष्ट ठरलेली होती. "मी हात वर केला आणि रशियाच्या झारला सोडून दिलं. तो हजर नव्हता, नाहीतर तोंडावर सांगितलं असतं."

तू नकाशांच्या छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतेस. तेव्हा ऑफिसांना कशी पत्रं लिहायची ते तुला माझ्याहून जास्त कळतं. तो कागद शोध. नावांची यादी मे संपताना पाथरवटाकडे जाईल. बाबांना या गावानं आयुष्यभर 'लाल', संपवाला म्हणून हिणवलं. निदान दगडावर तरी ते इतरांच्या बरोबरीनं उभे राहायला हवेत.

तुझी,
ताइमी आत्या


शिकागो
२२ फेब्रुवारी १९८७

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि बशीच्या वाक्याला इतकी हसले की शेजारचा नकाशातल्या ओहायोच्या नद्या सोडून माझ्याकडे बघायला लागला.

काम घेतलं अंगावर. पण आधी एक समजून घे. त्या काळी एका फटक्यात कुणी नागरिक होत नसे. आधी पहिला कागद: मला अमेरिकन व्हायचं आहे, आणि माझ्या जुन्या राजाला मी सोडणार आहे. मग काही वर्षं थांबायचं. नंतर दोन साक्षीदार घेऊन दुसरा कागद, त्यावर जज्जसमोर शपथ. तेव्हा माणूस नागरिक. आर्वोला हवा तो दुसरा कागद. हे कुठल्याही कोर्टात करता यायचं, म्हणून मी तुमच्या जिल्ह्याच्या कोर्टाला लिहिलंय आणि मार्केट शहरातल्या केंद्रीय कोर्टालाही. वॉशिंग्टनला तिसरं पत्र टाकलंय, तिथे वेळ लागेल.

खरं तर शपथ झाल्यावर प्रमाणपत्र हातात मिळतं. ते घरी नव्हतं का? भिंतीवर, ट्रंकेत, बायबलमध्ये?

आणि आत्या, कोर्टाचं उत्तर येईपर्यंत आर्वोशी जरा गोडीनं वाग. निदान त्याच्या कॉफीला नावं ठेवू नकोस.

तुझी,
कारिन


कॅल्युमेट
८ मार्च १९८७

प्रिय कारिन,

त्याच्या कॉफीला मी नावं ठेवत नाही, मी ती ओतून देते.

प्रमाणपत्राचं म्हणशील तर माहीत नाही. बाबा गेले एक्कावन्न साली. त्यानंतरच्या शनिवारी आईनं त्यांच्या कपाटातले कागद सौनाच्या चुलीत घातले. मी अडवायला गेले तर म्हणाली, "यात तुझ्या कामाचं काही नाही, ताइमी. दार लाव, वाफ जातेय." आई कॉर्निश. इंग्रज खाणवाल्यांच्या घराण्यातली, खाणीवरच्या कॅप्टन ट्रेम्बाथची मुलगी, याच गावात जन्मलेली. तिनं एकदा नाही म्हटलं की बाबाही पुढे विचारायचे नाहीत. मांसाच्या पॅस्टीत गाजर घालू का असं सुद्धा कुणी तिला दोनदा विचारलेलं मला आठवत नाही.

आर्वो काल दुकानात भेटला. "आला का कागद?" म्हणून दात काढत होता. मी म्हटलं, वाटेत आहे.

तुझी,
ताइमी आत्या


शिकागो
२९ मार्च १९८७

प्रिय आत्या,

बस आणि मग वाच. पहिला कागद मिळाला.

तुमच्याच जिल्ह्याच्या कोर्टात, एप्रिल १९११. विहटोरी कांगस, वय चोवीस, धंदा खाणमजूर, जन्म कौहावा, फिनलंड, म्हणजे तेव्हा रशियाच्या ताब्यातलं. उंची पाच फूट दहा इंच, केस पिंगट, डाव्या हातावर व्रण. तो व्रण मला आठवतो असं वाटलं, पण मी तर त्यांना पाहिलेलंच नाही. बाबा सांगायचे त्यावरून असेल.

आणि पुढे छापील मजकुरात शाईनं भरलेलं: रशियाचा सम्राट, ज्याची मी सध्या प्रजा आहे, त्याच्यावरची निष्ठा मी कायमची सोडून देतो. खाली सही. सही केली आहे की कागद भोसकलाय असं वाटतं. प्रत सोबत पाठवते.

आजोबांची गोष्ट शब्दन् शब्द खरी होती. दुसऱ्या कागदाचं उत्तर यायचं आहे.

तुझी,
कारिन


कॅल्युमेट
६ एप्रिल १९८७

माझ्या शहाण्या पोरी,

ती सही मी भिंग लावून पाहिली, आणि मग भिंग पुसावं लागलं.

रविवारी प्रत घेऊन हॉलमध्ये गेले. बशीचा विचार सोडून दिला, कॉफी सांडली असती. टेबलावर पसरून सगळ्यांना दाखवली. म्हातारा हिल्टुनेन उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला आणि झारपर्यंत आल्यावर टाळ्या पडल्या. आर्वोनं चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हा पहिला आहे. दुसरा?" मी म्हटलं, दुसरा टपालात आहे, माझ्या भाचीचं पत्र आलंय.

हो, ठाऊक आहे, तसं तू लिहिलेलं नाहीस. पण येणारच आहे ना? दिवस मला माहीत, महिना माहीत, आईची टोपी माहीत. त्यानं नाव यादीत पेन्सिलनं लिहून घेतलं आहे. आता पेन्सिलीचं पक्कं करणं तुझ्या हातात.

तुझी,
ताइमी आत्या


कॅल्युमेट
२७ एप्रिल १९८७

कारिन,

तीन आठवडे झाले. तू उत्तर द्यायला कधी इतकी थांबत नाहीस. फोन केला तर तुझ्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, तब्येत छान आहे, रोज कामावर जाते. म्हणजे आजारी नाहीस, लपवते आहेस. तुझा बापही असाच करायचा. काच फोडली की दोन दिवस माझ्याशी फार सभ्य वागायचा.

जे असेल ते लिही. मी बहात्तर वर्षांची आहे, बशी नाही फुटायला.

ताइमी आत्या


शिकागो
३ मे १९८७

प्रिय आत्या,

पकडलंस.

दुसरा कागद नाही. दोन्ही कोर्टांची उत्तरं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच आली होती. मार्केटच्या कोर्टात आजोबांचं नावच नाही. तुमच्या कोर्टात पहिला कागद आहे, पुढे काही नाही. मला वाटलं वॉशिंग्टनहून काहीतरी निघेल आणि तुला हे सांगावंच लागणार नाही, म्हणून थांबले. काल तेही उत्तर आलं. १९४० साली सरकारनं देशातल्या सगळ्या परक्या नागरिकांची नोंद केली, बोटांचे ठसे घेऊन. त्यात आजोबा आहेत. वय त्रेपन्न. कुठल्या देशाचे नागरिक, याच्यापुढे त्यांनी लिहिलंय: फिनलंड.

पहिला कागद सात वर्षं चालायचा. तेवढ्यात दुसरा केला नाही तर तो रद्द. आजोबांचा १९१८ साली रद्द झाला. त्यांनी नवा केला नाही.

चोवीस सालच्या सप्टेंबरची यादी मी पुन्हा मागवून पाहिली. त्या महिन्यात शपथ घेतलेल्यांत एकच कांगस आहे, तोही फक्त आद्याक्षरानं: टी. कांगस. तुमच्याकडे दर तिसऱ्या घरावर कांगस अशी पाटी असते, त्यातलाच कुणी असेल. आपला नाही.

तू ज्या दिवसाबद्दल सांगतेस तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण नऊ वर्षांचं मूल काय बघतं आणि त्याचा काय अर्थ लावतं, कोण सांगणार. मला फार वाईट वाटतंय.

कारिन


कॅल्युमेट
७ मे १९८७

कारिन,

मला काय आठवतं ते मला ठाऊक आहे.

काल शनिवार नसताना सौना तापवली आणि एकटीच बसून राहिले. म्हणजे बाबांच्या बोटांना शाई लावली या गावात, माझं लग्न झालेलं असताना, आणि मला त्यांनी सांगितलं नाही. मी शेजारच्या गल्लीत राहत होते. रोज त्यांना ब्रेड नेऊन देत होते. आर्वोच्या बापाला मात्र नक्की ठाऊक असणार, त्याला सगळ्यांचं ठाऊक असायचं.

मला लाज वाटली, कारिन. पहिल्यांदा त्यांची, आणि मग लाज वाटली म्हणून स्वतःची.

आर्वोला नाव खोडायला मी सांगणार नाही. यादी बंद व्हायला अजून अवकाश आहे. तो टी. कांगस म्हणजे टॉर्स्टेन असेल, धक्क्यावर होड्या बांधायचा तो. पण आमच्या ट्राममध्ये टॉर्स्टेन नव्हता. कोर्टात त्या दिवशी दुसरं कुठलंही कांगस कुटुंब नव्हतं, बाकावर आम्हीच होतो. तू चुका शोधणारी ना? मग ही शोध.

ताइमी


शिकागो
१७ मे १९८७

प्रिय, प्रिय आत्या,

चूक शोधली. चूक माझी होती, मी पुरुष शोधत होते.

टी म्हणजे टॅम्सिन. टॅम्सिन ट्रेम्बाथ कांगस. आजी.

प्रत हातात आली तेव्हा मला आधी वाटलं, कारकुनानं भलत्याचाच अर्ज पाठवला. जन्म कुठे: कॅल्युमेट, मिशिगन. सध्या कुठल्या देशाची नागरिक: फिनलंड. हे एकाच पानावर, वर-खाली. मी संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन कायद्याची पुस्तकं काढली आणि मग रस्त्यानं घरी येताना मोठमोठ्यानं स्वतःशी बोलत होते.

तेव्हा कायदा असा होता, आत्या, की अमेरिकन बाईनं परदेशी माणसाशी लग्न केलं की ती अमेरिकन राहायची नाही. नवऱ्याचा देश तो तिचा देश. आजीनं १९१४ साली आजोबांशी लग्न केलं आणि चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत ती रशियाच्या झारची प्रजा झालेली होती. जन्मलेल्या गावात, जन्मलेल्या गल्लीत. फिनलंड स्वतंत्र झालं तेव्हा ती बसल्या जागी फिनलंडची झाली. १९२० साली बायकांना मत मिळालं, शेजारच्या सगळ्या बायका मत द्यायला गेल्या, आणि कॅप्टन ट्रेम्बाथची मुलगी घरी बसली, परदेशी म्हणून. १९२२ साली कायदा बदलला. नवरा परदेशी असला तरी बाईला आपलं आपण नागरिक होता येऊ लागलं, पण अर्ज करून, साक्षीदार आणून, शपथ घेऊन. पोलंडहून किंवा इटलीहून बोटीनं आलेली बाई करील तसंच.

ते तिनं केलं. सप्टेंबर १९२४. नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या आत.

आणि शपथेचे शब्द असे आहेत: फिनलंडच्या प्रजासत्ताकावरची निष्ठा मी संपूर्णपणे आणि कायमची सोडून देते. जो देश तिनं डोळ्यांनी पाहिला नव्हता, तो तिनं हात वर करून सोडला. आणि आजोबा लग्नातला सूट घालून ते ऐकत होते.

तू पाहिलेला दिवस खरा होता, आत्या. टोपीसकट.

फक्त आजोबांनी दुसरा कागद का केला नाही, ते कुठल्याच कोर्टात लिहिलेलं नाही.

तुझी,
कारिन


कॅल्युमेट
२४ मे १९८७

कारिन बाळ,

कोर्टात लिहिलेलं नसेल, मी सांगते.

ती झारची गोष्ट बाबा शेकडो वेळा सांगायचे, आणि ती नेहमी झारपाशीच थांबायची. एकदा तुझ्या बापानं विचारलं, तेव्हा शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते त्याला. "बाबा, मग पुढे? दुसरी शपथ कधी घेतली?" बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "पुढे झारच राहिला नाही." आम्ही हसलो. आईसुद्धा हसली, पण उठून चुलीकडे गेली.

मी पत्र वाचता वाचता हातातला चमचा खाली ठेवला. सतरा साली झार गेला आणि त्याच वर्षाच्या शेवटी फिनलंड स्वतंत्र झालं. झारला सोडायला ते एका पायावर तयार होते. पण आता दुसऱ्या कागदावर झारचं नाव लिहायचं नव्हतं. फिनलंडचं लिहायचं होतं. कौहावाला त्यांची आई होती तेव्हा. सात वर्षांची मुदत त्यांनी विसरून घालवली नाही, कारिन. जाऊ दिली.

आणि त्याची किंमत आई भरत होती, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून ते त्या दिवशी सूट घालून आले. कोर्टाबाहेर आल्यावर आम्ही समोरच्या खाणावळीत जेवलो. बाबा रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "टॅम्सिन, माझा देश सोडलास. मला तर नाही ना सोडलंस?" आईनं हातमोजा काढून त्यांच्या खांद्यावर फटका मारला. म्हणाली, "जेवण गार होतंय, विक." त्या फटक्याचं मला नवल वाटलं होतं, कारण आई चारचौघांत असं कधी करत नसे. अर्थ आज कळला.

नोव्हेंबरात ती मत द्यायला गेली तेव्हा तीच टोपी घातली होती. बाबा तिला दारापर्यंत सोडायला गेले आणि बाहेर बर्फात उभे राहिले.

मी आता प्रत इस्त्री करून घेते. उद्या आर्वोकडे जायचं आहे.

तुझी,
ताइमी आत्या


कॅल्युमेट
२३ जून १९८७

प्रिय कारिन,

तुला रजा मिळाली नाही याचा राग मी सोडून दिला आहे. आता ऐक.

मे महिन्यात आर्वोकडे गेले तेव्हा आधी मीच सांगितलं, बाबांचं नाव खोड. त्यानं रबर हातात घेतलं, इतक्या खुशीनं की काय सांगू. मग मी आईचा कागद पुढे केला. "हे लिही."

वाचून म्हणतो, "ताइमी, ही शिळा फिन लोकांची आहे. तुझी आई कॉर्निश."

"समितीचा नियम काय आहे?"

"नागरिक झालेली इथली फिन माणसं. कोर्टाचा कागद हवा."

"मग कागदावर देश कुठला लिहिलाय, वाच. मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. त्याची बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "आर्वो, कोर्टाला फिन वाटली तर तू कोण नाही म्हणणारा?" पेल्कोनेनांच्या घरात इतकी हुशारी असेल असं मला वाटलं नव्हतं. नाव शाईनं लिहिलं गेलं.

शनिवारी शिळेवरचं कापड काढलं. मोठी होळी पेटायची होती, पोरं आधीच सॉसेज भाजायला काठ्या घेऊन फिरत होती. हिल्टुनेननं एकेक नाव आणि गाव वाचलं. अमुक, लापुआचा. तमुक, इल्मायोकीचा. कौहावाचे तर सात निघाले. मग तो अडखळला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "टॅम्सिन कांगस. कॅल्युमेटची." लोक आधी हसले. माझ्या मागे कुणीतरी विचारलं, इथली बाई इथे आली कुठून? मी वळून तिला सगळं सांगितलं, जरा मोठ्यानंच, म्हणजे पाच-सहा रांगांना ऐकू गेलं. मग कुणी हसलं नाही. दोन म्हाताऱ्या बायका पुढे जाऊन आईच्या नावावर हात ठेवून आल्या. त्यातली एक म्हणाली, तिच्या आईचंही असंच झालं होतं, पण तिनं पुन्हा शपथ घेतलीच नाही. मतदानाच्या दारातून परत पाठवलेलं तिची आई कधी विसरली नाही. मी तिचा पत्ता घेतलाय, तुला पाठवते. तुझं काम संपलं असं समजू नकोस.

नंतर कॉफीला आर्वो माझ्या शेजारी येऊन बसला. आसपास बरीच माणसं होती, आणि ती आहेत हे बघूनच तो बोलला असणार. "चांगलं झालं, ताइमी. फक्त तुझ्या वडिलांचं नाव राहिलं याचं वाईट वाटतं. कधीच नागरिक झाले नाहीत ते, नाही का?"

फेब्रुवारीत त्यानं असं विचारलं असतं तर मी कप फेकला असता. मी कप खाली ठेवला.

"नाही झाले," मी म्हटलं. "तुझे वडील कधी झाले, आर्वो?"

"एकवीस साली," तो म्हणाला. ताठ बसून.

"म्हणजे फिनलंड सोडतो असं शपथेवर म्हणाले ते. या शिळेवर ज्यांनी ज्यांनी सतरा सालानंतर शपथ घेतली, त्या सगळ्यांनी म्हटलं. पोटासाठी म्हटलं, पोरांसाठी म्हटलं, त्यात वाईट काही नाही. माझ्या आईनं सुद्धा म्हटलं. माझ्या बाबांना मात्र ते म्हणवलं नाही."

 आर्वो शिळेकडे बघत राहिला. त्याच्या वडिलांचं नाव वरून चौथं आहे. मग त्यानं किटली उचलली, माझ्या कपात कॉफी ओतली आणि हळूच विचारलं, "घरी कधी बोलले का गं ते, फिनलंडबद्दल? आमचे कधी बोललेच नाहीत."

मी त्याला सगळं सांगितलं, होळी विझेपर्यंत. कॉफी वाईट होती. दोन कप प्यायले.

तुझी,
ताइमी आत्या